मुलामा कशासाठी, कोणता आणि किती?
विजेच्या कॉन्टॅक्टचे काम घेणाऱ्या बांधवांसाठी

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतीत विजेच्या सामानाचे काम मोठे आहे. एबीबी आणि सीजी पॉवर, म्हणजे पूर्वीची क्रॉम्प्टन ग्रीव्हज, यांचे स्विचगिअरचे कारखाने येथेच आहेत. मोठ्या कारखान्याच्या भोवती छोट्या वर्कशॉपचा गोतावळा असतो. कोणी पितळेच्या पिना टर्निंग करून देतो, कोणी तांब्याच्या पट्ट्या प्रेसवर कापतो, कोणी टर्मिनल बनवतो. आपल्या समाजातील तरुणही या कामात दिसतात आणि हात त्यांचा चांगला चालतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप धरणारी मुले आम्ही पाहिली आहेत. परंतु ड्रॉइंगच्या कोपऱ्यात "चांदीचे प्लेटिंग, ५ मायक्रॉन" अशी एक ओळ असते, ती वाचताना हीच मुले गडबडतात. प्लेटिंगवाल्याकडे माल टाकतात आणि सांगतात, "भाई, चमक चांगली आली पाहिजे." चमक येते. माल जातो. तीन महिन्यांनी लॉट परत येतो.

आम्ही कापडाचे व्यापारी. मग धातूच्या कामात आम्ही का बोलावे, असे कोणी विचारील. तर मुलाम्याचा प्रश्न कापडाच्या बाजारातही जुना आहे. आपल्या जिल्ह्यात येवल्याची पैठणी विणली जाते, तिच्या काठपदरात जर असते. अस्सल जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. हाफ फाइन म्हणतात त्या जरीत आत तांब्याची तार, तिच्यावर चांदी आणि वरून सोन्याचा हलका हात. त्याहून स्वस्त जर प्लास्टिकच्या चकाकत्या पट्टीची. दुकानाच्या दिव्याखाली तिन्ही सारख्याच झळकतात. फरक कळतो तो साडी दहा वर्षे कपाटात राहिल्यावर. विजेच्या कॉन्टॅक्टचेही असेच आहे, फक्त येथे दहा वर्षे लागत नाहीत आणि नुकसान साडीपुरते राहत नाही. गरम झालेल्या सांध्याने पॅनल जळते, आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये पॅनल पेटले तर आसपास कापसाची धूळच धूळ असते.

मुलाम्याचे खरे काम

बहुतेकांची समजूत अशी की, चांदी वीज सर्वांत चांगली वाहते म्हणून तिचा मुलामा द्यायचा. यातील पहिला भाग बरोबर आहे. तांब्याची वहनक्षमता १०० धरली तर चांदीची सुमारे १०५, सोन्याची ७० च्या पुढे, साध्या पितळेची २८ च्या आसपास, निकेलची २५ च्या आत आणि कथलाची सुमारे १५ येते. हा तक्ता पाहून कोणीही म्हणेल की, पितळेवर कथील देणे म्हणजे वाहत्या पाण्यात बांध घालणे. पण हिशेब करून पाहावा. एक चौरस मिलिमीटर जागेवर पाच मायक्रॉन कथील असेल तर त्या थराचा स्वतःचा विरोध ओहमच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम निम्मा भरतो. इतक्या पातळ थराने विजेला काही अडत नाही.

मग अडते कशाने? दोन धातूंचे तुकडे एकमेकांवर दाबले तरी ते पूर्ण जागेवर चिकटत नाहीत. डोळ्याला गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग भिंगाखाली डोंगर-दऱ्यांसारखा असतो आणि केवळ शिखरे शिखरांना लागतात. वीज त्या मोजक्या शिखरांतूनच पार होते. राग्नार होल्म या मूळच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात या विषयाचा पाया घातला आणि आजही कॉन्टॅक्टचे शास्त्र त्याच्या नावाने ओळखले जाते. आता त्या शिखरांवर गंज, ऑक्साइड किंवा गंधकाचा काळा थर बसला की वाट बंद. म्हणून मुलाम्याचे खरे काम एवढेच की, ज्या जागी दोन धातू भेटतात ती जागा स्वच्छ ठेवणे.

आपल्या घरातील तांब्याच्या देगला कल्हई का लावतात? उष्णता चांगली वाहावी म्हणून नाही. तांब्याला आंबट लागून सालन कळकू नये म्हणून कल्हईवाला नवसागर मारून आतून कथील फिरवतो. भांडे तांब्याचेच राहते, अन्नाला लागणारा पृष्ठभाग तेवढा बदलतो. कॉन्टॅक्टवरचा मुलामा हीच कल्हई समजावी. म्हणजे मग प्रश्न बदलतो. "सर्वांत चांगला धातू कोणता?" हे विचारणे सोडून "हा सांधा कुठे बसणार, किती दाबाने, किती वेळा उघडणार, हवा कशी, ठिणगी उडणार की नाही?" हे विचारावे लागते.

बिघडलेल्या सांध्याची उष्णता किती, तेही पाहा. प्रवाहाचा वर्ग गुणिले विरोध. २० अँपिअर प्रवाह आणि सांध्याचा विरोध फक्त ०.०५ ओहम असेल तर ४०० गुणिले ०.०५ म्हणजे २० वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची कावी साधारण २५ वॅटची असते. पॅनलमध्ये एका स्क्रूखाली जवळपास तेवढी कावी रात्रंदिवस लावून ठेवली तर काय होईल, ते वाचकांनीच ठरवावे.

कथील आणि निकेल

कथील स्वस्त आहे आणि बहुतेक कामांत पुरेसे आहे. त्याच्यावरही ऑक्साइड बसतो, पण तो पातळ आणि ठिसूळ असतो. खालचे कथील मऊ असल्यामुळे दाब पडला की वरचे कवच फुटते आणि आतला ताजा धातू भेटतो. त्यासाठी दाब मात्र हवा. स्प्रिंगच्या कॉन्टॅक्टवर साधारण १०० ग्रॅमच्या खाली दाब असेल तर कथलावर भरवसा ठेवू नये. बोल्टने आवळलेल्या पट्ट्या, केबलचे लग, पॅनलचे बसबार येथे कथील उत्तम. वीज कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या तारा तांब्याच्या किंवा पितळेच्या टर्मिनलला जोडतात, तेथेही कथील चढवलेला लग मध्ये असला तर सांधा खाल्ला जाण्याची गती कमी होते.

कथलाचे दोन शत्रू. एक उष्णता. कथील २३२ अंशांवर वितळते आणि त्याच्या खूप आधी, नुसत्या सततच्या गरमीने, खालच्या तांब्यात मुरू लागते. दुसरा शत्रू कंप, आणि हा आपल्या मालेगावच्या यंत्रमागवाल्यांनी नीट समजून घ्यावा. माग चालताना त्याचा सांगाडा थरथरतो. त्या सांगाड्यावरच स्विच किंवा प्लगची जोडणी असेल तर पिन आणि सॉकेट एकमेकांवर काही मायक्रॉन पुढे-मागे घासत राहतात. प्रत्येक घासण्यात कथलाचे ताजे तोंड उघडे पडते, त्यावर ऑक्साइड बसतो, तो खरवडला जातो, पुन्हा बसतो. हळूहळू काळी भुकटी साठते आणि बाहेरून घट्ट दिसणारा सांधा आतून बंद होतो. कारागीर प्लग काढून पुन्हा घालतो, माग चालू होतो आणि मालक समजतो की स्टार्टर खराब आहे. अशा जागी कथील वापरायचेच तर स्प्रिंग कडक हवी आणि कॉन्टॅक्टचे ग्रीस लावलेले हवे. त्याहून बरे म्हणजे जोडणी मागावरून काढून भिंतीवर घ्यावी. पैसा लागतो तो दोन मीटर केबलचा.

निकेल कठीण आहे, झिजत नाही, उष्णता सोसते. जेथे पिन रोज घालायची-काढायची असते, उदाहरणार्थ चार्जरचे सॉकेट, तेथे निकेल टिकते. पण त्याचा ऑक्साइडही कठीण. हलक्या दाबाने तो फुटत नाही, म्हणून बारीक स्प्रिंगच्या कॉन्टॅक्टवर निकेल एकट्याने देऊ नये. निकेलचा मोठा उपयोग खालच्या थराचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

चांदी आणि द्राक्षाचा गंधक

चांदीला हवेतला प्राणवायू काही करत नाही. तिचा वैरी गंधक. चांदीची अंगठी अंड्याला लागून काळी पडते ती याच कारणाने. पॅनलच्या आत, चांगल्या दाबाखाली, ४१५ व्होल्टच्या आणि त्याहून मोठ्या प्रवाहाच्या कामात हा काळा थर फारसा त्रास देत नाही. सरकत्या कॉन्टॅक्टमध्ये तो घासून निघतो, आणि मोठ्या व्होल्टेजला तो थर थोपवू शकत नाही. म्हणून स्विचगिअरवाले चांदी मागतात आणि ते योग्यच मागतात. उघड्या तांब्यापेक्षा चांदी चढवलेल्या सांध्याला मानकांत जास्त तापमानाची मुभा आहे, त्यामुळे तेवढ्याच तांब्यातून अधिक प्रवाह नेता येतो.

परंतु हीच चांदी चुकीच्या जागी गेली की काय होते, त्याचे उदाहरण नाशिकइतके स्पष्ट कुठे मिळणार नाही. निफाड, दिंडोरी भागात द्राक्षांवर भुरी येऊ नये म्हणून गंधक फवारतात किंवा धुरळतात. मोठी फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरने होते, पण लहान बागेत, टोमॅटोला, भाजीपाल्याला पाठीवरचा १२ व्होल्टचा बॅटरी पंप असतो. त्यात बॅटरीचे टर्मिनल, चालू-बंद स्विच, चार्जिंगचे सॉकेट, सगळे उघड्यावर. पंप गंधकाच्या पोत्याशेजारी त्याच खोलीत ठेवलेला. ओलावाही असतोच. येथे जर कोणी "माल भारी व्हावा" म्हणून पितळेच्या पिनेवर चांदी चढवली तर ती झपाट्याने काळी पडेल, आणि १२ व्होल्टला तो थर पार करण्याची ताकद नाही. शेतकरी पिन कानशीने घासणार. घासली की चांदी गेली आणि खालचे पितळ उघडे पडले. या पंपासाठी आवळलेल्या लगांवर जाड कथील आणि रोज काढ-घाल होणाऱ्या सॉकेटवर निकेल, सोबत कडक स्प्रिंग, हा स्वस्त आणि टिकाऊ मार्ग आहे. महाग मुलामा येथे वाईट मुलामा ठरतो.

गंधक बागेतच असतो असेही नाही. सांडपाण्याच्या नाल्याकाठची हवा, काही प्रकारचे रबर, पुठ्ठा आणि हलका कागद यांतूनही तो निघतो. चांदीचा माल रबर बँड लावून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवणारे लोक आहेत. बँडच्या जागी काळी रेघ उमटून येते आणि लॉट रिजेक्ट होतो. दोष प्लेटिंगवाल्यावर जातो, खरा दोषी तो बँड.

सोने कोठे

सोन्यावर कोणताच थर बसत नाही. म्हणून जेथे दाब अगदी हलका, व्होल्टेज थोडे आणि प्रवाहही थोडा, तेथे सोन्याला तोड नाही. मोबाइलच्या बॅटरीचे कॉन्टॅक्ट, मोजमापाच्या उपकरणाच्या पिना ही त्याची जागा. शुद्ध सोने मऊ असते, म्हणून कॉन्टॅक्टसाठी त्यात थोडा कोबाल्ट किंवा निकेल मिसळून कठीण सोने चढवतात. चांगल्या कामात त्याची जाडी अर्धा ते सव्वा मायक्रॉन असते. बाजारात "फ्लॅश" नावाचा प्रकारही मिळतो. तो एक-दशांश मायक्रॉन किंवा त्याहून पातळ. रंग सोन्याचाच दिसतो, पण त्यात बारीक छिद्रे असतात आणि त्या छिद्रांतून खालचे तांबे वर येऊन हिरवट डाग धरते. हाफ फाइन जरीचीच ही दुसरी आवृत्ती.

सोन्याच्या पिनेसमोर कथलाचे सॉकेट मात्र कधी ठेवू नये. पुष्कळ लोकांना वाटते की एक बाजू सोन्याची केली म्हणजे अर्धे काम झाले. प्रत्यक्षात कथलाचा ऑक्साइड सोन्याच्या कठीण पृष्ठभागावर जाऊन बसतो आणि सांधा दोन्ही बाजूंनी कथील असण्यापेक्षाही वाईट होतो. सोन्याला सोने, कथलाला कथील.

या स्प्रिंगच्या पिनांबद्दल एक वेगळी गोष्ट येथेच सांगून टाकतो. ई-सिगारेट, ज्याला वेप म्हणतात, त्यातही बॅटरी आणि तापणाऱ्या तारेमध्ये अशीच बारीक पितळी पिन असते, निकेल, चांदी किंवा सोने चढवलेली. प्रवाह मोठा, व्होल्टेज तीन-चार, जागा बारीक, म्हणून मुलाम्याची निवड तेथे नाजूक असते आणि परदेशात तिची पुष्कळ चर्चा चालते. आपल्या देशात मात्र १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात, सर्व बंद आहे. आमच्या तरुणांनी लक्षात घ्यावे असे यात एक कलम आहे. बंदी पूर्ण वस्तूवर आहे तशीच तिच्या कोणत्याही भागावर आहे. "आम्ही तर फक्त पिन बनवतो, निर्यातीचा माल आहे" हे उत्तर चालणार नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कोणी रेखाचित्रावर वस्तूचे नाव न लिहिता लाखभर पिनांची ऑर्डर देत असेल तर ती पिन कशात बसणार हे आधी लेखी मागावे. रोजी हलाल असावी ही चिंता ज्याला आहे त्याला तर हा प्रश्न विचारावाच लागेल. बॅटरीच्या टॉर्च, इमर्जन्सी दिवे, मोजमापाची उपकरणे यांचे काम कमी नाही.

जेथे मुलामा चालतच नाही

मोटर स्टार्टर आणि कॉन्टॅक्टर यांत प्रत्येक उघडझापीला ठिणगी उडते. त्या ठिणगीपुढे पाच मायक्रॉनचा मुलामा काही दिवसही टिकणार नाही, मग तो चांदीचा असो की सोन्याचा. तेथे चांदीच्या मिश्रधातूची जाड टिकली तांब्याच्या पट्टीवर डाख देऊन बसवतात. पूर्वी चांदी आणि कॅडमियम ऑक्साइडची टिकली सर्रास असे. कॅडमियम विषारी असल्यामुळे आता चांदी आणि कथील ऑक्साइडची टिकली तिची जागा घेत आहे. बाजारात जुन्या पट्ट्यांना चांदीचे पाणी चढवून "नवा कॉन्टॅक्ट सेट" म्हणून विकण्याचा धंदाही चालतो. ओळख सोपी आहे. टिकलीची कड नखाला लागली पाहिजे. सपाट पट्टी चकाकत असेल आणि कड लागत नसेल तर तो माल मागाच्या स्टार्टरला लावू नये. ठिणगीने तांबे उघडे पडते आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटतात. मग बटण दाबूनही मोटर बंद होत नाही.

वजनाने तपासा

आता व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट. मायक्रॉन डोळ्याला दिसत नाही, पण काट्यावर येतो. समजा, पिन ४ मिलिमीटर जाड आणि १४ मिलिमीटर लांब आहे. परीघ १.२६ सेंटिमीटर गुणिले लांबी १.४ म्हणजे १.७६ चौरस सेंटिमीटर. दोन टोकांचे पाव. एकूण दोन चौरस सेंटिमीटर. अशा १००० पिनांचे क्षेत्र २००० चौरस सेंटिमीटर झाले. त्यावर ५ मायक्रॉन, म्हणजे ०.०००५ सेंटिमीटर थर द्यायचा तर धातू लागला बरोबर एक घन सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर चांदीचे वजन साडेदहा ग्रॅम, तोळ्याला थोडे कमी. म्हणजे हजार पिनांच्या लॉटवर साडेदहा ग्रॅम चांदी चढलीच पाहिजे. कथील असते तर ७.३ ग्रॅम. सोने अर्धा मायक्रॉन दिले तर १.९ ग्रॅम, आणि एक-दशांश मायक्रॉनचे फ्लॅश असेल तर ०.४ ग्रॅमही नाही.

हा हिशेब हाती असला की दर ऐकताच पाणी कळते. कोणी हजार पिनांचे चांदीचे प्लेटिंग सात ग्रॅम चांदीच्या बाजारभावात करून देतो म्हणाला तर उरलेली साडेतीन ग्रॅम कोठून आली, रसायने, वीज आणि मजुरी कोणी दिली? त्याने सवलत दिलेली नाही, चांदी दिलेली नाही. २०२५ मध्ये चांदी झपाट्याने महागली. जुना दर बांधून ठेवलेल्या कामात अशा वेळी मायक्रॉन गुपचूप खाली येतात. म्हणून दर ठरवताना चांदीचा भाग वेगळा आणि मजुरीचा भाग वेगळा धरावा. चांदी त्या दिवसाच्या भावाने, मजुरी ठरलेली. दोघांनाही चोरी करण्याचे कारण राहत नाही. माप-तोलाबाबत आपल्याला काय ताकीद आहे, ती वाचकांना सांगण्याची गरज नाही, आणि मायक्रॉन हेही मापच आहे.

वजन घेण्याची रीत अशी. माल धुऊन, वाळवून, सराफी काट्यावर लॉटचे वजन घ्यावे. खाली तांब्याचा किंवा निकेलचा थर द्यायचा असेल तर तो दिल्यानंतर पुन्हा वजन, आणि चांदीनंतर तिसऱ्यांदा. ॲसिडमध्ये साफ करताना पितळाचे थोडे वजन घटते, म्हणून सुरुवातीच्या वजनावर विसंबून चालत नाही. प्लेटिंगवाल्याकडे अँपिअर-तासाचे मीटर असेल तर त्याचीही साक्ष काढता येते, कारण एका अँपिअर-तासाला सुमारे चार ग्रॅम चांदी बसते. साडेदहा ग्रॅमला अडीच-पावणेतीन अँपिअर-तास.

तरीही वजनाने कळते ती सरासरी. बारीक पिना बॅरलमध्ये फिरवून प्लेटिंग करतात आणि एकाच बॅरलमध्ये एखाद्या पिनेला साडेतीन तर एखादीला सात मायक्रॉन बसतात. एकाच पिनेवरही कडांना जास्त आणि खोबणीत कमी. कंपनी मागते ती कमीत कमी जाडी, तीही संपर्काच्या जागेवर. म्हणून लॉटमधून दहा-पंधरा पिना उचलून एक्स-रेच्या यंत्रावर जाडी पाहावी. सराफाकडचे कॅरेट मोजणारे यंत्र धातूची शुद्धता सांगते. थराची जाडी मोजायला त्याच कामासाठी लावलेले यंत्र लागते, तेव्हा सराफाच्या चिठ्ठीवर लॉट पास समजू नये.

पितळेबद्दल एक सूचना. पितळेत जस्त असते आणि ते हळूहळू वरच्या थरात चढते. पितळेवर थेट कथील किंवा चांदी दिली तर काही महिन्यांत पृष्ठभाग बिघडतो. मध्ये तांब्याचा किंवा निकेलचा दोन मायक्रॉनच्या आसपासचा थर भिंतीसारखा हवा. सोन्याखाली तर निकेल हवेच. ही भिंत वरून दिसत नाही, त्यामुळे तीच सर्वांत आधी वगळली जाते. शिवाय पितळेच्या पट्टीची स्प्रिंग लवकर ढिली पडते. दाब टिकवायचा असेल तर पट्टी फॉस्फर ब्राँझची घ्यावी. दाब गेला तर कोणताच मुलामा कामाचा नाही.

स्वतः प्लेटिंग टाकू इच्छिणाऱ्यांना

जॉबवर्कचा वैताग आला की माणूस म्हणतो, दोन टाक्या आपणच घालू. हे काम घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये करण्याचे नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत इलेक्ट्रोप्लेटिंग लाल वर्गात आहे. उभारणीची आणि चालवण्याची, दोन्ही संमती लागतात, आणि सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय सोडता येत नाही. नाशिकचे नाले शेवटी गोदावरीला मिळतात आणि तिचे पाणी खालची गावे पितात. चांदीची टाकी बहुधा सायनाइडची असते. तिच्यात ॲसिड पडले तर जो वायू निघतो तो काही मिनिटांत माणूस मारतो, आणि प्लेटिंगच्या शेडमध्ये ॲसिडची टाकी शेजारीच असते. ज्याच्याकडे काम देता त्याच्याकडे एकदा जाऊन पाहावे. दोन्ही टाक्यांच्या मोऱ्या वेगळ्या आहेत का, हवा ओढणारा पंखा चालू आहे का, पोरांच्या हातात मोजे आहेत का. स्वस्त दराचे कारण पुष्कळदा तेथेच दिसते.

चलनावर "प्लेटिंग करणे" एवढेच लिहून माल देऊ नये. धातू कोणता, खालचा थर कोणता व किती, वरचा थर कमीत कमी किती मायक्रॉन आणि कोणत्या जागेवर मोजायचा, हे चार मुद्दे लिहावेत व सही घ्यावी. पहिल्या लॉटमधील दोन-चार पिना भट्टीत तापवून थंड पाण्यात टाकून पाहाव्यात. फोड आले तर चिकटण कच्ची आहे. कथलाच्या मालाला १५० अंशांच्या पुढे नेऊ नये. चांदीचा माल कोरड्या हातमोज्याने हाताळून, गंधकविरहित कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या बंद पिशवीत भरावा, वर तारीख टाकावी, आणि पावसाळ्यात गोदामात पडू न देता लवकर रवाना करावा.